सगळ्यांना सोळा

कडुलिंबाला मोहर आला की आमच्या कॉलेजात तोंडी परीक्षा लागतात. रब्बीची ज्वारी निघालेली असते, कडब्याने भरलेल्या गाड्या रस्ता अडवून चाललेल्या असतात, वर्गातला पंखा गरम हवाच इकडून तिकडं करतो, आणि खिडकीतून मोहराचा तो कडवट गोड वास आत येतो. लोकांना त्या वासाने पाडवा आठवतो. मला हेवा आठवतो. माझा स्वभाव जळका आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचणाऱ्याची फसवणूक नको. आई म्हणायची, "ह्या पोरीला दुसऱ्याच्या ताटातली भाकर कायम मोठी दिसती." ती माया करून म्हणायची, पण खोटं म्हणत नव्हती.

मी कायदा शिकवते. ज्या कॉलेजात शिकले तिथंच, बऱ्याच वर्षांपासून. यंदाच्या तोंडी परीक्षेची यादी फलकावर लागली तेव्हा मी नेहमीसारखी वरून खाली बोट फिरवत वाचत होते आणि एका नावावर बोट थांबलं. शिफा काझी. ही माझ्या वर्गातली मुलगी आहे, वर्षभर समोर बसते, नाव काही नवीन नव्हतं. पण परीक्षकाच्या रकान्यात माझं नाव आणि त्याच ओळीत तिचं, हे एकत्र वाचलं आणि मी चहा तसाच ठेवून वर्गात गेले. शिफा ही ताहेराच्या भावाची मुलगी. आणि ताहेरा ही माझी वर्गमैत्रीण, म्हणजे मैत्रीण हा शब्द मी सोयीसाठी वापरते आहे.

आमच्या वेळी कायदा शिकवणं म्हणजे नोट्स सांगणं. सर खुर्चीत बसून वही उघडायचे, आम्ही माना खाली घालून उतरवून घ्यायचो. स्वल्पविराम आला की सर "स्वल्पविराम" म्हणायचे. ह्या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. माझ्या वह्या मुरुमपासून परांड्यापर्यंतच्या पोरांनी झेरॉक्स केलेल्या आहेत. लेखी परीक्षेत मी पहिली यायचे आणि मला वाटायचं, न्याय म्हणतात तो हाच.

मग दुसऱ्या वर्षाला बिराजदार सर आले. सकाळी कोर्ट करायचे, दुपारी येडशीच्या एसटीची वेळ सांभाळून दोन तास आम्हाला शिकवायचे. काळा कोट हातावर टाकलेला, घामाने पाठ भिजलेली. त्यांनी कधी वही उघडली नाही. पिशवीतून एखादं खरंखुरं प्रकरण काढायचे, पक्षकारांच्या नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेलं, आणि म्हणायचे, "बांध कोरल्याचा दावा आहे. वैशाली, तू वादीची वकील. ताहेरा, तू प्रतिवादीची. बोला." बोलून झालं की तिथंच, सगळ्यांसमोर, मोठ्याने गुण सांगायचे. गुण कशाचे दिले ते सांगायचे, कशाचे कापले तेही. आणि मग वर्गावरून नजर फिरवून विचारायचे, "कुणाची हरकत? असली तर आत्ता सांगा. घरी गेल्यावर सुचलेली हरकत चालत न्हाय."

बाकीचे मास्तर गुण कसे देतात हे कुणालाच कळायचं नाही. जूनमध्ये निकालाची पाटी लागायची आणि आम्ही नशिबाला नमस्कार करायचो. बिराजदार सरांची पद्धत पोरांना पहिले आठ दिवस भीतीची वाटली, नंतर आवडायला लागली. मला आवडली नाही. कारण त्या वर्गात मी पहिली नव्हते.

ताहेराचे अब्बा आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या तहसील कचेरीसमोर अर्जनवीस होते. पत्र्याच्या सावलीत टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. ही लहानपणी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याजवळ बसायची. माणूस लिहून काय घ्यायला आलाय आणि त्याच्या मनातलं खरं भांडण काय आहे, ह्यातलं अंतर तिला आमच्या कुणाच्याही आधी कळलेलं होतं. त्या बांधाच्या दाव्यात मी उभी राहिले आणि कलमं म्हणून दाखवली, न अडखळता. सर म्हणाले, "बरोबर. बस." ताहेरा उभी राहिली आणि म्हणाली, "सर, बांध कुणी कोरला ते मागून बघू. पहिलं ह्यांना विचारा, मोजणी कधी झाली? मोजणीच झाली नसंल तर बांध कुठं होता हे ठरवलं कुणी?"

सर पुढं सरकून बसले आणि तिला प्रश्न विचारायला लागले. एक झाला, दुसरा झाला, ती उत्तर देई आणि सर त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढत. मी मोजत होते. दहा प्रश्न. मला एकही नाही. तिला वीसपैकी सतरा गुण मिळाले आणि मला तेरा. सर मला म्हणाले, "पाठ चांगलं हाय तुझं. पण समोरचीनं काय म्हटलं ते ऐकलं न्हाईस." मला एवढं लागलं म्हणून सांगू! ऐकलं नव्हतं? मी तिचा शब्दन् शब्द ऐकला होता. आजही तिची त्या दिवशीची उत्तरं मी क्रमाने सांगू शकते. मला फक्त त्यावर काय बोलावं ते सुचलं नव्हतं. "हरकत?" सरांनी विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

तास संपल्यावर ताहेरा वैतागून म्हणायची, "आज लई पिळलं गं सरांनी. तुझं बरंय, तुला लगेच बसवतेत." ती हे मनापासून म्हणायची, आणि तेच मला जास्त झोंबायचं. दुसऱ्याला रागावलेलं पाहूनही हेवा वाटावा, असं माणूस मी माझ्याशिवाय दुसरं पाहिलेलं नाही. मार्चभर हे चाललं. मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारायचे, तिला किती प्रश्न, मला किती. अन्यायाचा पुरावा जमा करत होते.

त्यातच ती स्पर्धा आली. मोठ्या शहरात अभिरूप न्यायालयाची स्पर्धा, म्हणजे खोटा दावा आणि समोर खरे न्यायाधीश. कॉलेज एकाच विद्यार्थ्याला पाठवणार होतं आणि तो बिराजदार सरांच्या तोंडी परीक्षेच्या गुणांवर ठरणार होता. तिथं नाव काढणाऱ्याला शहरातले नावाजलेले वकील आपल्या चेंबरमध्ये घेतात, असं आम्ही ऐकून होतो. माझ्या घरात सात पिढ्यांत वकील नव्हता, तिच्याही नव्हता. ज्याच्या घरात काळा कोट नाही त्याला चेंबरचं दार कुणी उघडून देत नाही. ते दार एकदाच किलकिलं होणार होतं आणि आम्ही दोघी होतो. मला ती जागा पाहिजे होती. तिला मिळू नये, हेही तितकंच पाहिजे होतं, आणि ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा उमगत नव्हतं.

त्याच आठवड्यात सरांनी नैसर्गिक न्याय शिकवला. दोनच तत्त्वं. जिथं आपला हितसंबंध गुंतलाय तिथं आपण न्याय करायला बसू नये. आणि ज्याचं नुकसान होणार आहे त्याचं ऐकून घेतल्याशिवाय निकाल देऊ नये. मी पहिलं तत्त्व उचललं आणि दुसरं वहीत ठेवलं. सरांच्या वाशी कोर्टातल्या कामांचे कागद ताहेराचे अब्बा लिहून द्यायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. परीक्षक आणि एका परीक्षार्थीचे वडील ह्यांचे कामाचे संबंध आहेत, न्याय नुसता होऊन चालत नाही तर तो झालेला दिसावा लागतो, सबब परीक्षक बदलावा ही विनंती. कुणाचं नाव घेतलं नाही, कुणावर आरोप केला नाही. कँटीनमध्ये अर्ध्या तासात अकरा सह्या जमल्या. ताहेरा तेव्हा वाशीच्या गाडीसाठी निघून गेली होती, म्हणूनच मी ती वेळ निवडली होती. माझी सही बरोबर मधे केली, सहावी. त्या अर्जात एक शब्द खोटा नव्हता आणि मला त्याचा फार अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सर अर्ज घेऊनच वर्गात आले. उभं राहून, सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, "अर्ज बरोबर हाय. मला मान्य हाय. मी परीक्षा घेणार न्हाय." त्यांनी अर्जाची घडी केली आणि म्हणाले, "मसुदा ज्यानं केला त्याला वीसपैकी सतरा. तीन कापले, कारण ह्या अर्जानं ज्या पोरीचं नुकसान होणार, तिला कुणी विचारलेलं न्हाय. हरकत?"

ताहेरा माझ्या पुढच्या बाकावर होती. तिची पाठ हलली नाही. मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की सरांच्या हातून मला सतरा मिळाले, ताहेराएवढे, आणि मी उठून ते माझे आहेत म्हणू शकत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

परीक्षेला बाहेरून एक गृहस्थ आले. स्वभावाने गरीब, सगळ्यांशी गोड. आत गेलं की विचारायचे, नाव काय, गाव कुठलं, तिकडं पाण्याची काय परिस्थिती, आणि मग एखादी व्याख्या. ताहेरा आत गेली आणि चार मिनिटांत बाहेर आली. मीही चार मिनिटांत बाहेर आले. संध्याकाळी पाटी लागली. सगळ्यांना सोळा. जो वर्षभर वर्गात आला नव्हता त्यालाही सोळा. पोरांनी टाळ्या वाजवल्या, असा बिनतक्रारीचा निकाल त्यांनी पाहिला नव्हता. गुण सारखे झाले म्हणून मग लेखीचे गुण बघितले, आणि स्पर्धेला माझं नाव गेलं.

ताहेरा पाण्याच्या टाकीजवळ भेटली. तोंडावर पाणी मारून ओढणीने पुसत होती. मला म्हणाली, "अर्ज तू लिहिला."

मी म्हटलं, "अकरा सह्या आहेत त्यावर."

"सह्या अकरा असतेत, लिहिणारा एक असतो. माझे अब्बा दिवसाला वीस अर्ज लिहितेत, वैशाली. कोणता माणूस कसं लिहितो ते मला वाचायची गरज न्हाय, ऐकूनच कळतंय."

"त्यात खोटं काय होतं सांग."

"काईच न्हाय," ती म्हणाली. "सरांनी परीक्षा घ्यायला नको व्हती. मला विचारलं असतंस तर मीबी सही केली असती. फक्त खाली एक ओळ लिहिली असती, दुसरा परीक्षक द्या पण ऐकणारा द्या. आज माझं कुणी ऐकलंच न्हाय गं. तुझंबी न्हाय ऐकलं. तुला कळलं का ते?"

मला कळलं नव्हतं. ते शहरात जाऊन कळलं. तिथं न्यायाधीशांनी पहिला प्रश्न विचारला, मी कलम सांगितलं. त्यांनी माझ्या उत्तरातून दुसरा काढला, मी तेच कलम जरा मोठ्याने सांगितलं. तिसऱ्याला माझ्याकडं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी चष्मा पुसत उभी राहिले. न्यायाधीश सभ्य होते, "ठीक आहे" म्हणाले. परतीच्या गाडीत सोलापूर सोडेपर्यंत मी त्या तिसऱ्या प्रश्नाला ताहेराने काय उत्तर दिलं असतं ते जुळवत होते. जुळलं, आणि तेव्हाही आधी रागच आला.

आता माझी गंमत बघा. मी गेली कित्येक वर्षं बिराजदार सरांसारखं शिकवते. प्रकरण आणते, नावं झाकते, पोरांना उभं करते. नोट्स सांगत नाही म्हणून माझ्याविरुद्धही अर्ज जातात. लोक म्हणतात मॅडमची तळमळ आहे. तळमळ कशाची आहे ते मला माहीत आहे. ज्या तासाला मी जळत बसले, तोच तास मी रोज पुन्हा भरवते आणि ह्या वेळी प्रश्न विचारणाऱ्या खुर्चीत मी बसते. पोरं मात्र त्यातून शिकतात, हेही खरं आहे. शिकवण्यामागची कारणं इतकी सोवळी असायला पाहिजेत असं काही नाही, असं मी स्वतःला सांगते.

ताहेरा वाशीला वकिली करते. चेंबर शहरात नाही मिळालं तिला, कचेरीसमोर अब्बांच्याच पत्र्याच्या सावलीत सुरुवात केली. आज आसपासच्या गावांतून माणसं येऊन तिच्या पायरीवर बसतात. माझी पोरं पास झाली की "काझी मॅडमकडं ज्युनिअर म्हणून राहता येईल का, तुम्ही सांगून बघा" म्हणत माझ्याच दारात येतात. तीन वर्षं घासूनपुसून मी तयार करायची आणि नाव तिचं लावायचं! मी चिठ्ठी देते. देताना जिवावर येतं. मागं एकदा तिची उलटतपासणी ऐकायला मी मुद्दाम कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसले. साक्षीदार म्हातारा होता, घाबरलेला. तिने त्याला आधी विचारलं, "बाबा, पाणी पिलाव का?" मग सात प्रश्न. आठव्याला तो आपण होऊन खरं बोलला. मी बाहेर आले आणि डोकं दुखतंय म्हणून दुपारचे तास रद्द केले.

तर ह्या वर्षी यादीत शिफाचं नाव, परीक्षक मी, आणि स्पर्धेला पाठवायला जागा अजूनही एकच. कॉलेजला रंग दिलाय, जिल्ह्याच्या पाटीवर नाव बदललंय, जागा काही वाढलेली नाही. शिफा उभी राहून बोलायला लागली की मानेचा तो एक हिसका, प्रश्नावर प्रश्न टाकायची सवय, सगळं तिच्या घरचं आहे. वर्षभरात तीन वेळा मी तिला अर्ध्यात बसवलंय. वेळ संपली म्हणून, असं मी म्हटलं होतं. तिसऱ्यांदा घड्याळात सात मिनिटं शिल्लक होती.

नियम सरळ होता. मी बाजूला व्हायचं. मी तसा अर्ज लिहिला आणि प्राचार्यांकडं गेले. ते तरुण आहेत, भला माणूस आहे. म्हणाले, "काही अडचण न्हाय मॅडम. दुसऱ्या तुकडीच्या सरांना देऊ. त्यांचं तासाभरात उरकतंय."

"ते गुण कसे देतात?"

"सगळ्यांना सारखेच. उगं कटकट नको म्हणतेत."

मी अर्ज परत मागून घेतला. म्हटलं, एक खाडाखोड राहिलीय, उद्या देते. आठ दिवस तो अर्ज पर्समध्ये घेऊन फिरले. बाजूला व्हावं तर पोरीला सोळा. बसावं तर माझा हात तिचं काय करील, ह्याचा मलाच भरवसा नव्हता. कायद्याच्या एवढ्या पुस्तकांत पक्षपाताचे प्रकार दिलेत, नात्याचा, फायद्याचा, वैराचा. वैर म्हणावं तर ताहेराने माझं काडीचं वाईट केलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी शिफा आत आली. मी तिला बसू दिलं नाही. म्हटलं, "आधी ऐक. तुझ्या फुप्पीची, ताहेराची, आणि माझी ओळख आहे."

"माहिती आहे मॅडम."

"ओळख म्हणजे मैत्री नाही. मला तिचा हेवा वाटतो. तुझ्याएवढी होते तेव्हापासून. तुला मी अर्ध्यात बसवलं ते वेळेमुळं नाही, ह्याच्यामुळं. परीक्षक बदलायचा हा अर्ज तयार आहे. दुसरे सर सगळ्यांना सारखे गुण देतात, तेही तुला माहीत असू दे. नुकसान झालं तर तुझं होणार आहे, म्हणून तुला विचारते. काय करू?"

शिफाने अर्जाकडं पाहिलं, पण हात लावला नाही. "मी घरी म्हटलंवतं," ती म्हणाली, "ह्या मॅडम माझे मार्क कापणार. तर फुप्पी म्हणली, कापले तर कापू दे. पण तुमच्या कॉलेजात तुझं शेवटपर्यंत ऐकंल असं माणूस तेवढंच हाय. म्हणली, जळणारं माणूस एक शब्द खाली पडू देत न्हाय."

मग जराशी घाबरून म्हणाली, "तुम्हीच घ्या मॅडम. फक्त अर्ध्यात बसवू नका."

मी तिला बसायला सांगितलं. पहिला प्रश्न विचारला, तिच्या उत्तरातून दुसरा काढला. बाहेर पोरं खोळंबली होती, शिपाई दोनदा डोकावून गेला. अकराव्या प्रश्नाला ती अडली. डोळे मिटून बसली आणि मी थांबले. मग तिने जे उत्तर दिलं ते माझ्याकडं नव्हतं, माझ्या कुठल्याच वहीत नव्हतं. मला हेवा वाटला, अगदी पूर्वीइतका, आणि मी एकोणीस लिहिले. गुण मोठ्याने सांगितले आणि एक कशाचा कापला हे सांगायला तोंड उघडलं तर कारण सापडेना. शिफा वाट बघत होती. मी एकोणीस खोडून वीस केले आणि खोडलेल्या जागी नियमाप्रमाणे सही केली.